स्लिम फिट डिझायनर कपडे अंगावर नीट कसे बसतात? नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि इंदूरच्या एका फिटिंगवाल्याची उत्तरं

मी इंदूरला राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर पुरुषांच्या कपड्यांचं ऑल्टरेशन आणि फिटिंग करतो, बावीस वर्षं झाली. बाबा इथल्याच एका कापड मिलमध्ये साचेखात्यात होते, मिल बंद पडली तेव्हा घरात शिलाई मशीन आली आणि मी त्या मशीनच्या आवाजातच मोठा झालो. आता रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, विजय नगर, सगळीकडून पोरं येतात, हातात तीस-चाळीस हजाराचा ब्लेझर असतो, ऑनलाइन मागवलेला नाहीतर दिल्ली-मुंबईहून आणलेला, आणि चेहरा उतरलेला असतो, कारण घालून बघितला तर फोटोतल्यासारखा दिसतच नाही. रोज तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. लांबलंय खरं, पण कपडा महागाचा आहे तर घेण्याआधी वीस मिनिटं द्यायला हरकत नाही.

स्लिम फिट म्हणजे टाइटच ना?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. अंगाचं माप वेगळं आणि कपड्याचं माप वेगळं, मधली जी जागा सोडतात तिला आम्ही कारागीर लोक लूजिंग म्हणतो. समजा तुमची छाती ४० इंच आहे, तर रेग्युलर शर्ट छातीला गोल ४६-४७ भरेल, स्लिम ४४ च्या आसपास आणि स्किनी म्हणून विकतात तो ४२. म्हणजे स्लिममध्येसुद्धा चार इंच जागा असतेच, आणि ती लागते, कारण श्वास घेतला की छाती फुगते, हात पुढे नेला की पाठ रुंद होते, बसलात की पोट आणि सीट दोन्ही पसरतात. चांगल्या डिझायनरचं कसब यात असतं की जागा काढायची कुठून आणि ठेवायची कुठे. कमरेतून काढली, बाहीतून काढली पण पाठीत राखली तर कपडा तुमच्याबरोबर हलतो, सगळीकडून सारखीच काढली की बटणापाशी ताण येतो आणि दोन बटणांच्या मध्ये आतला बनियन दिसायला लागतो. तो बनियन दिसला की समजायचं हा साइज आपला नाही, मग लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

हे इतकं बारीक कटिंग आलं कुठून? पूर्वी तर सगळे ढगळ सूट घालायचे.

ऐंशी-नव्वदच्या दशकात मोठे खांदे, सैल पँट असंच होतं. मग २००० साली एडी स्लिमान नावाच्या डिझायनरने पॅरिसच्या डिओरचं पुरुषांचं खातं हातात घेतलं, डिओर ओम, २००७ पर्यंत तो तिथे होता, आणि त्याने खांदा अरुंद केला, लॅपल, म्हणजे कोटाची पुढची उलटी दुमडलेली पट्टी, बारीक केली, पँट पायाला लागून आणली. ते कपडे घालता यावेत म्हणून कार्ल लागरफेल्डसारख्या मोठ्या डिझायनरने तेरा महिन्यांत साधारण ४२ किलो वजन उतरवलं होतं, ही फॅशनच्या जगात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. याच्यावरून एवढंच लक्षात घ्या की हा कट मुळात अगदी काटकुळ्या, उंच पोरांना डोळ्यासमोर ठेवून कापलेला होता. पुढे तो सगळीकडे पसरला, साध्या ब्रँडनीही उचलला, पण डिझायनर लेबलमध्ये अजूनही तो मूळचा बारीकपणा शिल्लक असतो. म्हणून एखाद्या साध्या ब्रँडचा एम तुम्हाला छान बसतो आणि डिझायनरचा एम काखेत अडकतो, तुमचं वजन काही त्या दोन दिवसांत वाढलेलं नसतं.

आणि एक सांगतो, आपल्या इंदूरला हा कट काही नवा नाही. महाराजा यशवंतराव होळकर, माणिकबाग महालवाले, त्यांचं १९२९ चं एक तैलचित्र आहे, बर्नार्ड बुते द मोंवेल या फ्रेंच चित्रकाराने काढलेलं. महाराज तेव्हा विशीत, शिडशिडीत, उंच. काळा टेलकोट, पांढरा बो टाय, खांद्यावरून केप. ते चित्र मोबाइलवर मोठं करून बघा, माझ्या दुकानात मी प्रिंट लावून ठेवलंय आणि येणाऱ्या प्रत्येक पोराला दाखवतो. कपडा अंगालगत आहे पण कुठेही एक सुरकुतीसुद्धा ताणाची नाही, खांद्यापासून खाली सरळ रेघ पडलीये. त्याच चित्रकाराने नंतर मराठा पोशाखातलंही त्यांचं चित्र काढलं, तेही बघा, अंगरखा असला तरी खांदा तिथेच बसलाय जिथे बसायला पाहिजे.

लेबलवर ४८, ५० असं काहीतरी असतं. माझी कंबर तर ३२ आहे, मग हे काय?

इटालियन आणि बरेचसे युरोपियन जॅकेट साइज म्हणजे सेंटीमीटरमधल्या छातीचा अर्धा आकडा. ४८ म्हणजे छाती ९६ सेंटीमीटर, इंचात जवळजवळ ३८. ५० म्हणजे १०० सेंटीमीटर, साडेएकोणचाळीसच्या आसपास, त्याला आपल्याकडे ४० धरतात. सोपा हिशोब, युरोपियन आकड्यातून १० वजा करा, आपला इंचाचा साइज येतो. हे अंगाचं माप आहे, कपड्याचं नाही, हे विसरू नका, कपडा त्याच्यापेक्षा तीन-चार इंच मोठाच असतो. शर्टाच्या कॉलरचं तसंच, ३८ म्हणजे १५ इंच, ३९ म्हणजे साडेपंधरा, ४१ म्हणजे १६.

काही जपानी आणि इतर डिझायनर १, २, ३, ४ असे नंबर देतात, तिथे अंदाज लावू नका, त्या ब्रँडचा स्वतःचा तक्ताच उघडून बघायचा.

आणि कमरेच्या आकड्यावर तर अजिबातच विश्वास ठेवू नका. ३२ लिहिलेली पँट टेप लावून मोजा, कित्येकदा ३३, ३४ भरते, गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून कंपन्या आकडा कमी लिहितात. मग तोच माणूस डिझायनर पँट घालायला जातो, ती खरोखरची ३२ असते, बटणच लागत नाही, आणि त्याला वाटतं आपण जाड झालो. आपल्याकडे भारतीय मापांचा स्वतःचा नीट तक्ताच नव्हता, म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन शिक्षण संस्थेने इंडियासाइज नावाचा प्रकल्प घेतला, सहा शहरांतल्या २५ हजार लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची असा. तोवर आपण युरोप-अमेरिकेच्या आकड्यांवरच चालत आलोय.

‘ड्रॉप’ म्हणजे काय असतं? वेबसाइटवर ड्रॉप ७, ड्रॉप ८ लिहिलेलं असतं.

हे समजलं की अर्धं काम झालं. इटालियन सूटमध्ये ड्रॉप म्हणजे छातीच्या निम्म्या मापातून कमरेचं निम्मं माप वजा करून उरलेला आकडा. ४८ च्या सूटला ड्रॉप ६ असेल तर पँटची कंबर ४२ दुणे ८४ सेंटीमीटर, म्हणजे ३३ इंच. ड्रॉप ८ असेल तर ८० सेंटीमीटर, साडेएकतीस. तर ड्रॉप ८ हा व्यायाम करणाऱ्या, कंबर बारीक असलेल्या माणसाचा सूट. तुमची छाती ३८ आणि कंबर ३४ असेल तर ड्रॉप ८ चा सूट कितीही आवडला तरी तो सोडून द्या, किंवा जॅकेट आणि पँट वेगवेगळ्या साइजचे मिळतात का ते विचारा. अमेरिकन ब्रँडमध्ये ड्रॉप सरळ इंचात असतो, तेव्हा कुठल्या देशाचं लेबल आहे ते आधी बघायचं.

ट्रायल रूममध्ये सगळ्यात आधी काय बघू?

खांदा. छाती नाही, कंबर नाही, लांबी नाही, खांदा. बाकी सगळं मी किंवा तुमच्या गल्लीतला कुठलाही चांगला टेलर थोडंफार सुधारू शकतो, खांदा उघडायचा म्हणजे बाही काढा, पॅड काढा, मुंढा, म्हणजे बाही जोडायचं भोक, पुन्हा कापा, परत बसवा, आणि एवढं करून मूळची रेघ येईलच याची खात्री नाही. मी स्वतः दहातल्या आठ गिऱ्हाइकांना नाहीच म्हणतो.

बघायचं कसं? हात सैल सोडून उभं राहा. तुमच्या खांद्याचं हाड जिथे संपतं, बोटाने चाचपलं की लागतं, तिथेच शिवण आली पाहिजे. अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे चालतं. मग भिंतीला बाजूने टेका. भिंतीला आधी पॅड लागून दबलं आणि दंड लांब राहिला तर खांदा मोठा आहे. उलट दंडच शिवणीच्या बाहेर फुगलेला दिसतोय, बाहीवर वरच्या बाजूला खळगा पडलाय, तर खांदा लहान. हे दोन्ही आरशात समोरून पटकन दिसत नाही म्हणून कुणाला तरी बाजूने आणि मागून फोटो काढायला सांगा. मागून बघताना कॉलर पण बघा, जॅकेटची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून बसली पाहिजे, मध्ये बोट जाईल एवढी फट असेल तर पाठीचा बॅलन्स तुमच्या अंगाला जुळत नाहीये.

त्यानंतर बटण लावा. दोन बटणांचं जॅकेट असेल तर फक्त वरचं. बटणापासून चारही बाजूंना फुलीसारख्या सुरकुत्या ओढल्या गेल्या तर कंबर टाइट आहे. थोडीशी हलकी रेघ चालते, फुली चालत नाही. मागचे कट उघडून पंख्यासारखे झाले तर सीटला जागा नाही. सेल्समन म्हणेल की दोनदा घातलं की सैल पडेल. लोकर थोडी अंगाचा आकार घेते हे खरं, पण शिवण सैल पडत नाही, उसवते.

काखेत घट्ट लागतं म्हणजे मोठा साइज घ्यायचा का?

थांबा, इथे बरेच जण फसतात. डिझायनर स्लिम जॅकेटचा मुंढा वर असतो, म्हणजे बाहीचं भोक लहान आणि काखेच्या जवळ. पहिल्यांदा घातल्यावर ते अडकल्यासारखं वाटतं कारण आपल्याला सैल, खाली उतरलेल्या मुंढ्याची सवय असते. पण हात वर करून बघा. मुंढा वर असेल तर फक्त बाही वर जाते, जॅकेट जागेवर राहतं. मुंढा खाली असेल तर हात वर केला की पूर्ण जॅकेट वर खेचलं जातं, पोटापाशी उघडतं, कॉलर मान सोडते. म्हणजे लहान मुंढ्यात हालचाल जास्त होते, ऐकायला उलटं वाटतं पण लग्नात हार घालताना लगेच कळतं.

मग खरंच टाइट कधी म्हणायचं? काखेत कापड टोचतंय, हात खाली सोडल्यावरही वळ उठतोय, किंवा मुंढ्यापासून छातीकडे आडव्या रेघा जातायत, तर टाइट. नुसतं जवळ लागतंय, टोचत नाहीये, तर बरोबर आहे, अर्धा तास घालून फिरा आणि मग ठरवा.

माझ्या मांड्या जाड आहेत, स्लिम पँट मला होणारच नाही ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि विचारताना पोरांचा आवाज बारीक झालेला असतो, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. मागच्या हिवाळ्यात एक मुलगा आला, रोज सकाळी सुपर कॉरिडॉरवर चाळीस किलोमीटर सायकल चालवतो. सेलमध्ये इटालियन लोकरीची पँट घेतली होती, ४८ ची, सुंदर राखाडी कापड, हात लावला की कळत होतं. घातली तर बाजूचे खिसे कानासारखे बाहेर आलेले, मांडीवर मिशांसारख्या आडव्या सुरकुत्या पडलेल्या. म्हणाला, भिया, माझे पायच खराब आहेत.

मी पँट उलटी केली. चांगल्या कपड्याची हीच खूण असते, आत दाब सोडलेला असतो, म्हणजे शिवणीच्या पलीकडे कापड राखलेलं असतं. मागच्या मधल्या शिवणीला सव्वा इंच होतं आणि मांडीच्या आतल्या शिवणीला पाऊण इंच. खडूने रेघ मारली, ब्लेडने आतली शिवण गुडघ्यापर्यंत उसवली, जुन्या टाक्यांची रेघ उमटली होती ती ओलं फडकं ठेवून वाफेने बसवली, एका पायाला पाऊण इंच आणि सीटला एक इंच सोडलं आणि कच्च्या टाक्यावर घालायला दिली. खिसे आपोआप मिटले. तो आरशासमोर बराच वेळ गप्प उभा होता, मग दुकानात खालीच मांडी घालून बसला, उठला, परत बसला. त्याचे पाय उत्तम आहेत, ती पँट फक्त सायकल न चालवणाऱ्या माणसासाठी कापली होती.

तर नियम असा. पँट नेहमी मांडी आणि सीटला बसेल अशी घ्या, कंबर सैल झाली तरी चालेल. कंबर दीड-दोन इंच आत घेता येते, त्याच्यापुढे गेलं की मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला लागतात. उभं राहून मांडीवर बाजूला चिमटी घ्या, अर्धा ते पाऊण इंचाची घडी आली पाहिजे, ती आली की बसताना त्रास नाही. मांडी भरदार असेल तर मोहरी, म्हणजे पँटच्या पायाचा खालचा घेर, खूप बारीक करू नका. मांडी २५ आणि मोहरी १३ असली तर पाय गाजरासारखा दिसतो, १४ ते १५ ठेवा, वरून खाली सरळ उतरता दिसतो. स्लिमऐवजी टेपर्ड लिहिलेले पॅटर्नही बघा, त्यात वर जागा असते आणि गुडघ्याखाली बारीक होत जातात.

पोट आहे थोडं. घालू का स्लिम?

घाला की. पण बटण बेंबीच्या जरा वर येणारं जॅकेट घ्या, आणि पँट कमरेवर बसणारी घ्या, पोटाखाली बसणारी नको. लो राइज पँटवर स्लिम शर्ट खोचला की दर दहा मिनिटांनी शर्ट बाहेर येतो आणि पोट जास्त दिसतं. पँटचं आसन, म्हणजे दोन पायांच्या जोडापासून कमरेपर्यंतचा भाग, उंच असलं की शर्ट जागेवर राहतो, पुढची रेघ सरळ पडते. शर्टाला मागे दोन डार्ट, म्हणजे आत दुमडून शिवलेल्या उभ्या चुण्या, घालून पाठीतली जागा कमी करता येते, पुढे पोटावर राहू द्यायची. माप देताना पोट आत ओढून उभं राहू नका एवढी विनंती. आणि सकाळी उपाशीपोटी ट्रायल देऊ नका, संध्याकाळी जेवणानंतर या, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतून आलात तरी चालेल, कारण लग्नातही तुम्ही जेवल्यावरच तीन तास तो सूट घालून फिरणार आहात.

फिट बरोबर आहे की नाही याची एकच टेस्ट सांगा.

वाकून नमस्कार करा. ट्रायल रूममध्ये, पूर्ण, पायाला हात लागेपर्यंत. लग्नात आजी, आत्या, मामा, गुरुजी, पन्नासएक जणांना वाकावं लागतं, आणि पँटची शिवण तिथेच जाते, मागच्या मध्यावर. मी दोन नवरदेवांची पँट मांडवामागच्या खोलीत हाताने शिवून दिलीये. वाकलात, काही ओढलं नाही, शर्ट बाहेर आला नाही, जॅकेट पाठीवर कमानीसारखं ताणलं नाही, की निम्मी परीक्षा झाली. मग खाली मांडी घालून बसा, पंगतीला किंवा पूजेला बसल्यासारखं. सूटच्या पँटमध्ये आरामात मांडी घालता आलीच पाहिजे असं नाही, पण दोन मिनिटं बसता यावं. शेवटी फोन कानाला लावा आणि मिठी मारा कुणाला तरी. नुसतं ताठ उभं राहून आरशात बघून घेतलेला कपडा घरी जाऊन वेगळाच निघतो.

काय ऑल्टर होतं आणि काय नाही?

सहज होणारं: पँटची लांबी, कंबर, मोहरी, शर्टाची बाजू, जॅकेटची कंबर एक-दीड इंच आत घेणं. बाहीची लांबी पण होते, फक्त कफला खरे उघडणारे काज असतील तर खालून कापता येत नाही, काज आणि शेवटची कड यातलं अंतर बिघडतं, मग वरून मुंढ्यातून उचलावी लागते आणि ते काम महाग आणि नाजूक आहे. म्हणून बऱ्याच डिझायनर जॅकेटचे काज मुद्दाम न कापता येतात, दुकानात उत्साहाने आधीच कापून घेऊ नका, आधी बाही ठरवा. कफ जॅकेटच्या बाहेर साधारण अर्धा इंच दिसला पाहिजे, हात सैल सोडल्यावर.

न होणारं: खांदा, जॅकेटची लांबी (अर्ध्या-पाऊण इंचापुढे गेलं की खिसा आणि घेर याचं प्रमाण जातं), पाठ अरुंद असेल तर रुंद करणं, आणि मुंढा खाली उतरलेला असेल तर वर आणणं. कापड नाही तिथून कापड आणता येत नाही.

वाढवायचं असेल तर घेण्याआधी कपडा उलटा करून दाब बघा. स्वस्त रेडिमेडमध्ये पाव इंच असतो आणि तोही ओव्हरलॉकने खाल्लेला, त्यात मी काही करू शकत नाही.

लायक्रावाली पँट घेतली की सगळे प्रश्न सुटतात ना?

थोडे. दोन टक्के इलास्टेन असलेलं कापड चांगलं, वाकता-बसताना मदत करतं. पण लोक त्याच्या भरवशावर एक साइज लहान घेतात, मग कापड कायम ताणलेलंच राहतं, सहा महिन्यांत गुडघे फुगतात आणि सीट चमकायला लागते. साइज आपलाच घ्या, ताण नुसता हालचालीपुरता राहू दे.

ऑनलाइन घ्यायचं असेल तर?

तुमच्याकडे जो शर्ट किंवा जॅकेट सगळ्यात छान बसतं ते इस्त्री करून टेबलावर सपाट पसरा. काखेपासून काखेपर्यंत, खांद्याच्या एका शिवणीपासून दुसऱ्यापर्यंत, कंबर, बाही, मागून लांबी. पँट असेल तर कंबर, मांडी आसनाच्या एक इंच खाली, आसनाची पुढची उंची, मोहरी. हे आकडे मोबाइलमध्ये फोटोसकट ठेवा आणि वेबसाइटवरच्या कपड्याच्या मापांशी जुळवा, अंगाच्या मापांशी नाही. बऱ्याच ठिकाणी दोन्ही तक्ते असतात आणि लोक चुकीचा बघतात. मॉडेलची उंची आणि त्याने घातलेला साइज पण लिहिलेला असतो, सहा फूट दोनचा मॉडेल असेल तर त्याच्यावर जी लांबी कमरेखाली चार बोटं दिसते ती साडेपाच फुटाच्या माणसाला मांडीपर्यंत येणार, हे डोक्यात ठेवा. टॅग काढू नका, घरातच नमस्काराची टेस्ट करा.

माहेश्वरीचा स्लिम कुर्ता आणि बंदगळा शिवायचाय, तोच हिशोब का?

नाही, आणि इथे खूप नुकसान होतं म्हणून नीट वाचा. महेश्वर आपल्यापासून तीन तासांच्या आत, त्यामुळे पोरं स्वतः जाऊन सिल्क-कॉटनचं कापड आणतात. त्यात उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुती, कापड हलकं, विणही तशी मोकळी. हे कापड ताणलं की फाटण्याआधी शिवणीपाशी धागे सरकतात, पाठीवर मुंढ्याजवळ जाळीसारखी फट पडते आणि ती परत बसत नाही. म्हणून माहेश्वरी, चंदेरी असलं काही असेल तर छातीला पाच-सहा इंच लूजिंग ठेवायला सांगा, बारीकपणा कळीतून (कुर्त्याच्या बाजूला जोडतात तो तिरका तुकडा) आणि बाहीतून आणा, आत मऊ मलमलचं अस्तर लावा म्हणजे ताण अस्तर घेतं. बाजूचे कट कमरेच्या हाडापाशी उघडले पाहिजेत, फार खाली ठेवले की बसताना फाटतात.

बंदगळ्याला मात्र मानेचं माप जीव आहे. कॉलर आणि गळा यात एक बोट आरामात जायला हवं, हुक लावून, आणि मान खाली घालून बघा, हनुवटी कॉलरवर आपटू नये. जॅकेटसारखं पुढे उघडं नसल्यामुळे छातीला आणि पोटाला लपायला जागा नाही, तिथे सूटपेक्षा अर्धा-एक इंच जास्तच ठेवा.

मे महिन्यात लग्न आहे, स्लिम सूट सहन होईल?

अर्ध्या अस्तराचा, हलक्या लोकरीचा किंवा लिननचा घ्या. लिनन चुरगळतं, ते तसंच छान दिसतं, पण त्यात अगदी अंगाला लागून कट नको, घामाने चिकटतं.

धुतल्यावर आटला, आता?

आटलेला सुती शर्ट परत येत नाही, ओला असताना हलक्या हाताने ओढून वाळवला तर थोडा सुधारतो एवढंच. म्हणून स्लिम सुती शर्ट लांबी कमी करायच्या आधी एकदा धुऊन घ्या. डेनिमचं पण तसंच, आटवून न घेतलेलं रॉ डेनिम पहिल्या धुण्यात सात ते दहा टक्के आटू शकतं, ३४ लांबीची जीन्स ३१ होते, मग माझ्याकडे आणून उपयोग नाही.

तीन महिन्यांत वजन कमी करणार आहे, आत्ताच लहान साइज घेऊन ठेवू का?

नका घेऊ. मी बावीस वर्षांत अशी कितीतरी जॅकेट बघितलीत, टॅगसकट कपाटात लटकलेली. आजच्या अंगाला घ्या, चांगल्या दाबाचं घ्या, खांदा बरोबर बघून घ्या. पाच-सहा किलो उतरले तर कंबर आणि पँट आत घेणं तासाभराचं काम आहे आणि त्याचे मी फार पैसे पण घेत नाही. आज आरशात बरं दिसलं तर तुम्ही तो कपडा घालाल तरी.

लग्नाच्या किती दिवस आधी द्यायचं?

तीन आठवडे. पहिली ट्रायल, मग कच्च्या टाक्यावर दुसरी, मग आठवडाभर आधी शेवटची. लग्नसराईत आठ दिवसांच्या आत मी घेत नाही, घाईत खडू चुकतो. येताना तोच शर्ट आणा जो आतून घालणार आहात, तोच बेल्ट, आणि बूट तर आणाच. चप्पल घालून पँटची लांबी ठरवली तर बुटावर ती पाऊण इंच वर जाते, स्लिम मोहरीला तर लगेच दिसतं. पँटची पुढची कड बुटाला नुसती टेकेल इतकी ठेवू, आणि तुम्हाला घोटा दिसेल अशी हवी असेल तर मोजे कुठले घालणार ते पण घेऊन या.